जुने यंत्र घ्यावे, पण पारखून घ्यावे
(एक कृषि अधिकारी, छत्रपती संभाजीनगर)

शेतीचा धंदा बी, खत आणि पाणी यांवर जितका अवलंबून आहे, तितकाच तो अवजारांच्या सुस्थितीवरही अवलंबून आहे. ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असली, तरी तिची खरी जाणीव पेरणीच्या दिवसांतच होते. मृगाचा चांगला पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत वाफसा येतो, तो दोन-चार दिवसच टिकतो. नेमक्या त्याच वेळी तिफणीचा फण मोडला, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची बेअरिंग गेली किंवा वखराच्या पासेचा कान तुटला, तर दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी धावावे लागते. तेथे आधीच दहा शेतकरी रांगेत असतात. काम अर्ध्या तासाचे असते, पण त्यासाठी दोन दिवस जातात. तेवढ्यात वाफसा उडतो किंवा पुन्हा पाऊस लागतो, आणि पेरणी आठ-पंधरा दिवस मागे पडते. पेरणी लांबल्याने येणारी घट कोणत्याही खताने भरून निघत नाही.

या अडचणीवर आपल्या जिल्ह्यात अलीकडे काही शेतकरी आणि त्यांची शिकलेली मुले आपण होऊन उपाय शोधू लागली आहेत. घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ती एखादे ड्रिल यंत्र, एखादे वेल्डिंग यंत्र आणि क्वचित एखादे जुने लेथ आणून ठेवतात. आरंभी हा निव्वळ छंद असतो. कोणी बाभळीच्या लाकडाचे दांडे घडवितो, कोणी पलंगाचे पाय कातून पाहतो, कोणी जुन्या सायकलीच्या चाकापासून हातकोळपे तयार करतो. पुढे याच हातांनी शेतातील मोडतोड घरच्या घरी दुरुस्त होऊ लागते. आमच्या मते हा छंद उत्तेजन देण्याजोगा आहे. कमी भांडवलात तो जोपासण्यासाठी कारखान्यांतून निघालेली जुनी यंत्रे घेणे हाच मार्ग इष्ट आहे. मात्र ती कशी घ्यावीत याविषयी पुरेसा विचार होत नाही. स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि नंतर खोलीत गंजत पडले, अशी उदाहरणे पुष्कळ पाहावयास मिळतात. म्हणून या विषयाची चर्चा येथे जरा विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

छंद की उधळपट्टी?

काही वडीलधाऱ्या शेतकऱ्यांचा यावर असा आक्षेप असतो की, ज्याचे काम त्याने करावे. लोहारकाम लोहाराने करावे, सुतारकाम सुताराने करावे आणि शेतकऱ्याने शेती पाहावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तथापि आपल्या महाराष्ट्रातील शेती-अवजारांचा इतिहास पाहिला, तर असे दिसते की, हाताने काही घडवून पाहण्याची हौस आणि शेतीची प्रगती यांचा संबंध फार जवळचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. त्यांच्या छोट्या कारखान्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बाहेर पडले. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती, त्यामुळे ते नांगर खपविणे अतिशय जड गेले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून लोखंडी नांगर घरोघर गेला. प्रत्येक शेतकऱ्याने कारखानदार व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. अवजाराशी हाताची ओळख असलेला मनुष्य त्या अवजाराचा दोष लवकर ओळखतो आणि त्यात सुधारणाही सुचवितो, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

उधळपट्टी होते ती छंदामुळे नव्हे, अविचारी खरेदीमुळे. पीककर्जाच्या पैशातून यंत्र घेणे ही उधळपट्टी होय. ते कर्ज पिकासाठी आहे आणि ते पिकावरच खर्च झाले पाहिजे. शेजाऱ्याने सहा फुटी लेथ आणले म्हणून आपण आठ फुटी आणणे हीही उधळपट्टीच. हंगामाअखेर देणी भागवून जे उरेल, त्यातूनच एकेक वस्तू जोडीत जावी.

आपल्या जिल्ह्याची अनुकूल स्थिती

जुन्या यंत्रांच्या बाबतीत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची स्थिती विशेष अनुकूल आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर शहराच्या भोवती रेल्वे स्टेशन परिसर, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरविणारे अनेक लहान कारखाने त्याच्या आसपास निघाले. या लहान कारखान्यांत पूर्वी हाताने चालविण्याची लेथ, शेपर आणि ड्रिल यंत्रे असत. आता तेथे संगणक-नियंत्रित यंत्रे आली आहेत. जुनी यंत्रे निकामी झाली म्हणून निघाली असे नाही, तर तासाला हजारो नग काढण्याच्या शर्यतीत ती मागे पडली. वर्षातून पाच-पन्नास कामे करणाऱ्या शेतकऱ्यास त्या शर्यतीशी काय कर्तव्य?

दुसरेही एक कारण आहे. या कारखान्यांत अनेक वर्षे काम केलेले कारागीर निवृत्तीनंतर गंगापूर, पैठण, फुलंब्री, खुलताबाद या तालुक्यांतील आपापल्या गावी परतत आहेत. यंत्र पारखण्याचे ज्ञान त्यांच्या हातात आहे. अशा माणसाला बरोबर घेतल्याशिवाय जुन्या यंत्राचा सौदा करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. बैल घ्यावयाचा असला म्हणजे आपण जाणत्या माणसाला बाजारात नेतोच. त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांदा पाहतो. यंत्राच्या बाबतीत मात्र नवा रंग पाहून पैसे मोजतो, हे बरे नव्हे.

आधी काय घ्यावे?

बहुतेकांची चूक येथेच होते. कार्यशाळा म्हटली की लेथच डोळ्यांसमोर येते. वस्तुतः शेतावरील दहा कामांपैकी सात-आठ कामांना लेथ लागत नाही. आमच्या मते क्रम पुढीलप्रमाणे असावा.

प्रथम एक भक्कम लाकडी बाक आणि त्यावर बसविलेला शेगडा घ्यावा. जुना, जड, ओतीव लोखंडाचा शेगडा नव्या हलक्या शेगड्यापेक्षा शतपटीने चांगला. त्याचे जबडे समांतर मिटतात की नाहीत आणि त्याच्या स्क्रूचे आटे झिजले आहेत काय, एवढे पाहिले म्हणजे पुरे. त्याबरोबर कानशी, करवती, गुण्या, पटाशी, रंधा आणि चांगली मोजपट्टी असावी. ज्याला कानशीने सपाट पृष्ठभाग करता येत नाही, त्याला यंत्रानेही ते चांगले साधत नाही.

दुसऱ्या पायरीस ड्रिल यंत्र आणि ग्राइंडर घ्यावेत. तिसऱ्या पायरीस वेल्डिंग यंत्र यावे. या चार-पाच गोष्टींचा एक-दोन वर्षे उपयोग केल्यावरही लेथची उणीव भासत असेल, तरच ती घ्यावी. शेपर हे यंत्र आज अतिशय स्वस्त मिळते. चावीच्या खाचा पाडण्यास आणि सपाटी काढण्यास ते उत्तमही आहे. परंतु ते जागा फार अडविते आणि काम सावकाश करते. म्हणून हौशी माणसाने ते सर्वांत शेवटी घ्यावे, किंवा घेऊच नये.

ड्रिल आणि ग्राइंडर

ड्रिल यंत्राच्या बाबतीत त्याचा वेग हा मुख्य मुद्दा आहे. साध्या पोलादात १२ मिलिमीटरचे भोक पाडावयाचे, तर ड्रिल मिनिटास सुमारे ६५० फेऱ्यांनी फिरावे, आणि ६ मिलिमीटरच्या भोकास सुमारे १३०० फेऱ्या चालतात. पुष्कळशी हलकी यंत्रे याहून फार वेगाने फिरतात, त्यामुळे ड्रिलची धार जळून जाते. म्हणून पट्टा बदलून कमी वेग मिळेल, असे पायऱ्यांच्या कप्प्यांचे यंत्र निवडावे. चक हाताने धरून आडवा हलवून पाहावा. त्यात खडखड जाणवली तर बेअरिंग गेली असे समजावे. बेअरिंग बदलता येते, पण तिचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. यंत्राच्या मेजावर सर्वत्र भोके पडलेली दिसली, तर ते बेपर्वा हातांत होते हे उघड आहे.

ग्राइंडरची मोटर टिकाऊ असते, धोका असतो तो चाकात. १५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटास २८५० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर भरतो. तडा गेलेले चाक या वेगाने फुटले, तर त्याचा तुकडा डोळा किंवा जीवही घेऊ शकतो. मडके घेताना आपण जसे वाजवून पाहतो, तसे चाक काढून, बोटावर टांगून, लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. ते खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर फेकून द्यावे. आमचे तर म्हणणे असे आहे की, जुन्या ग्राइंडरबरोबर आलेले चाक कसेही वाजो, ते वापरूच नये. नवे चाक बसवावे आणि आच्छादन नसल्यास ते आधी तयार करून घ्यावे.

लेथची परीक्षा

शेतावर हौसेने काम करणाऱ्यास साडेचार फुटी लेथ पुरते. मोठ्या कारखान्यांतून निघणारी एचएमटीसारखी यंत्रे अव्वल दर्जाची असतात यात शंका नाही. परंतु ती टनाहून जड असतात, त्यांना मोठ्या अश्वशक्तीची मोटर लागते आणि खेड्यातील जागेत व विजेवर ती पेलत नाहीत. राजकोट, बटाला, लुधियाना येथील लहान कारखान्यांची हलकी यंत्रे बाजारात विपुल आहेत. त्यांत चांगली-वाईट दोन्ही निघतात, म्हणून नावावर न जाता प्रत्यक्ष परीक्षा करावी. १९४१ मध्ये हरिहर येथे स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करची जुनी यंत्रेही कधी कधी मिळतात. तो कारखाना आता बंद पडला आहे, परंतु त्याचे एखादे जपलेले यंत्र हाती लागले तर ते सोडू नये.

परीक्षेची रीत पुढीलप्रमाणे आहे. लेथच्या बेडची झीज सर्वत्र सारखी होत नाही. बहुतेक काम चकाजवळ चालत असल्यामुळे तेथेच ती अधिक होते. म्हणून सॅडल चकाजवळ आणून तिच्या पट्ट्या अशा आवळाव्यात की, ती किंचित घट्ट सरकेल. मग ती हळूहळू टेलस्टॉकच्या बाजूस न्यावी. शेवटपर्यंत ती सारखीच सरकली, तर बेड चांगला आहे. मध्येच अडकली, तर चकाजवळचा भाग खोल गेला आहे, असे निश्चित समजावे. हे एवढे केले, तरी निम्मी फसवणूक टळते.

त्यानंतर स्पिंडल पाहावा. चकात हातभर लांबीची जाड सळई पकडून ती वर उचलून पाहावी आणि डायल गेज लावून किती हालते ते मोजावे. येथे आपल्या कामाची गरज लक्षात घेतली पाहिजे. कोळप्याच्या चाकाची बुश कातावयाची असेल, तर मिलिमीटरच्या पाच-शतांश भागाची चूकही चालून जाते. परंतु ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगसाठी २५ मिलिमीटरचा दांडा कातावयाचा असेल, तर एक-दोन शतांशांपलीकडे चूक चालत नाही. तो दांडा सैल झाला तर बेअरिंग आतल्या आत फिरून त्याला खाऊन टाकते. ज्या यंत्राचा स्पिंडल हालतो आणि आवळूनही थांबत नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

तिसरी गोष्ट सुट्या दात्यांच्या चाकांची. आटे पाडण्यासाठी ही चाके बदलावी लागतात. जुन्या यंत्रांचा लीडस्क्रू पुष्कळदा इंची मापाचा असतो. त्यावर मेट्रिक आटे अचूक पाडावयाचे, तर १२७ दात्यांचे चाक लागते. आपल्याकडील जुने पंप आणि इंजिने यांचे आटे इंची, तर नव्या ट्रॅक्टरांचे मेट्रिक, अशी मिसळ असल्यामुळे दोन्हींची सोय पाहावी. विक्रेता 'चाके नंतर देतो' असे म्हणाला, तर ती कधीच मिळणार नाहीत असे गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

ताज्या रंगाविषयी मात्र सावध राहावे. ओतीव लोखंडाला गेलेला तडा, वेल्डिंगचा जोड आणि भरलेली लुकण हे सर्व रंगाखाली झाकले जाते. तेलाने माखलेले, मळके, पण चालू स्थितीत असलेले यंत्र रंगविलेल्या आणि बंद असलेल्या यंत्रापेक्षा बरे. यंत्र चालवून दाखविल्याखेरीज त्याचे पैसे देऊ नयेत.

लाकडाची यंत्रे

लाकूड कातण्याची लेथ ही साधी चीज आहे. तिला सूक्ष्म अचूकता लागत नाही आणि ती जुनी घेण्यात धोकाही फारसा नाही. रंधा यंत्राची गोष्ट वेगळी. फार जुन्या रंधा यंत्रांत पाती बसविलेला ठोकळा चौकोनी असतो. असा ठोकळा बोटे आत ओढतो, आणि मग नुसते बोटाचे टोक जात नाही, सबंध पंजाच गमवावा लागतो. गोल ठोकळ्याचे यंत्र असेल तरच विचार करावा. गोल करवतीला पात्यामागची फट उघडी ठेवणारी पट्टी आणि वरचे झाकण नसेल, तर फळी उलट उसळून छातीवर येते. ही दोन्ही बसवून घेतल्याशिवाय ती चालवू नये.

आणखी एक गोष्ट कायद्याची. ओंडके चिरण्याजोगी मोठी पट्टा-करवत किंवा गोल करवत बसविणे म्हणजे आरा गिरणी चालविणे ठरू शकते आणि त्यास वन विभागाचा परवाना लागतो. म्हणून अशी करवत घेण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात विचारपूस करावी. तसेच १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमानुसार साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह यांसारखी झाडे स्वतःच्या बांधावरची असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्या छंदासाठी उभे झाड पाडण्यापेक्षा मोडक्या बैलगाडीची साटी, जुन्या वाड्यांच्या तुळया आणि वाळलेल्या फांद्या वापरणे शहाणपणाचे आहे. त्यांचे लाकूड मुरलेले असते आणि ते वाकतही नाही.

लोखंड जुने, वीज नवी

जुन्या यंत्रांच्या खरेदीस एक सोपे सूत्र लावता येते. लोखंड जुने घ्यावे आणि विजेचे भाग नवे घ्यावेत. ओतीव लोखंड वर्षानुवर्षे मुरले म्हणजे त्यातील अंतर्गत ताण निघून जातात आणि ते आपला आकार सोडत नाही. त्याच्या बाबतीत वय हा गुण आहे. तारा, स्विच, स्टार्टर यांच्या बाबतीत मात्र वय हा दोष आहे. म्हणून यंत्र घरी आल्यावर त्याच्या सर्व तारा बदलाव्यात, चांगले अर्थिंग करावे आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा.

याच कारणास्तव वेल्डिंगच्या बाबतीत आमचे मत असे आहे की, जुने घ्यावयाचे तर तांब्याच्या वेटोळ्याचे ट्रान्सफॉर्मर यंत्र घ्यावे. ३.१५ मिलिमीटरच्या तीन-चार कांड्या लागोपाठ जाळून ते किती तापते ते पाहावे. इन्व्हर्टर जातीचे यंत्र मात्र हमीपत्रासह नवेच घ्यावे. कारखान्यातील लोखंडी धूळ आत गेलेले जुने इन्व्हर्टर केव्हा बंद पडेल याचा नेम नाही.

कारखान्यातील यंत्रांच्या मोटरी बहुधा थ्री-फेज असतात, आणि खेड्यातील घरी सिंगल-फेज वीज असते. यावर दोन उपाय आहेत. एक अश्वशक्तीची सिंगल-फेज मोटर बसविणे हा पहिला. दुसरा म्हणजे मूळ मोटर कायम ठेवून व्हीएफडी नावाचे उपकरण बसविणे. त्याने सिंगल-फेजवरून थ्री-फेज मिळते आणि वेगही कमी-जास्त करता येतो. मात्र मोटरीची सहाही टोके बाहेर आलेली असली पाहिजेत आणि तिची जोडणी स्टारवरून डेल्टावर करावी लागते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

शेतीपंपाच्या जोडणीवर यंत्र चालविण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याखेरीज अन्य कामास ती वापरणे, हे २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरते आणि त्याची आकारणी भारी पडते. यंत्रांवर मोबदला घेऊन कामे करावयाची असतील, तर महावितरणकडे त्यासाठी रीतसर जोडणी मागावी.

काळी जमीन, खत आणि कापूस

यंत्रांविषयीची पुस्तके कारखान्यासाठी लिहिलेली असतात. शेतावरच्या तीन गोष्टी त्यांत सापडत नाहीत, म्हणून त्या येथे मुद्दाम सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट जमिनीची. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर फरशी टाकून लेथ मांडली, तर एका वर्षात फरशी वरखाली होते आणि बेडला पीळ बसतो. मग यंत्र चांगले असूनही काम तिरपे होते आणि दोष यंत्राला दिला जातो. म्हणून जेथे लेथ ठेवावयाची, तेथील काळी माती मुरूम लागेपर्यंत काढावी. खोली फार असल्यास निदान दोन-तीन फूट माती काढून थरावर थर देत मुरूम चोपावा आणि वर काँक्रीट घालावे. पहिला पावसाळा संपल्यावर पातळी पुन्हा तपासावी.

दुसरी गोष्ट खताची. युरिया, पोटॅश यांची पोती आणि यंत्र एका खोलीत ठेवू नयेत. ही खते हवेतील ओल ओढून घेतात, आणि विशेषतः पोटॅशमधील क्लोराइड लोखंडाला झपाट्याने गंजविते. बाभळीचा भुसाही ओला झाला तर लोखंडावर काळे डाग पाडतो. काम संपताच भुसा झाडून यंत्रावर तेलाचा हात फिरवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. दिवाळीनंतर आपल्या घरात वेचलेला कापूस भरलेला असतो आणि अंगणात कडब्याची गंजी असते. ग्राइंडरची किंवा वेल्डिंगची एक ठिणगी कापसात शिरली, तर ती तासन्‌तास आत धुमसत राहते आणि मध्यरात्री पेट घेते. ज्या खोलीत किंवा ज्या पडवीशेजारी कापूस आहे, तेथे ठिणगी उडणारे काम करूच नये. जेथे काम चालते, तेथे पाण्याची व वाळूची बादली सदैव भरलेली असावी.

फिरत्या यंत्राजवळ उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर, सैल बाह्या आणि हातमोजे हे सर्व घातक आहे. हातमोज्याने हात सुरक्षित राहतो ही समजूत फिरत्या ड्रिलपुढे खोटी ठरते. तो हातच ओढून नेतो. डोळ्यांवर चष्मा आणि मुख्य स्विचला कुलूप हवेच. घरातील मुलांना यंत्राचे आकर्षण असते आणि ते असावेही. त्यांना शेगडा, कानस आणि पटाशी द्यावी. फिरणारे यंत्र मात्र मोठ्यांच्या देखरेखीखालीच सुरू व्हावे.

हिशेब कसा मांडावा?

जुन्या यंत्राची खरी किंमत विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्याहून निराळी असते. तीत वाहतूक, पाया, नव्या तारा व मोटर, बेअरिंग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हत्यारे यांचा खर्च मिळवावा. लेथच्या बाबतीत चक, कातण्याची हत्यारे, ड्रिल आणि मापनाची साधने यांवर यंत्राइतकाच खर्च येण्याचा संभव असतो. ही बेरीज तशाच नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर आमच्या मते जुने घेण्यात अर्थ नाही. यंत्राबरोबर जुनी हत्यारे मिळत असतील, तर थोडी अधिक किंमत देऊनही ती घ्यावीत.

लिलावात घेतलेले यंत्र बहुधा 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर मिळते, म्हणजे नंतर तक्रार चालत नाही. म्हणून लिलावापूर्वी पाहणीचा जो दिवस असतो, तो चुकवू नये. कोठूनही घेतले तरी यंत्राच्या क्रमांकासह पावती घ्यावी. बिनपावतीचा माल चोरीचा निघाला, तर यंत्रही जाते आणि अब्रूही जाते. वाहतुकीच्या वेळी लेथचा भार हेडस्टॉककडे अधिक असतो हे ध्यानात ठेवून सॅडल व टेलस्टॉक दुसऱ्या टोकास नेऊन बांधावीत आणि उतरविताना पुरेशी माणसे व चांगले दोर असावेत.

गावचा कारागीर

शेवटी एका नाजूक मुद्द्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. शेतकऱ्यांच्या घरोघर यंत्रे आली, तर गावच्या लोहार-सुताराचे काय होणार, असा प्रश्न काही मंडळी विचारतात. तो योग्यच आहे. ऐरण आणि भाता यांवर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गावची शेती चालविली, त्यांना बाजूस सारून होणारी सुधारणा ही सुधारणा नव्हे. पासेला पाणी कसे द्यावे, फणाचा कोन किती ठेवावा आणि तुंब्यासाठी कोणते लाकूड घ्यावे, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. ते कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, शेगडा, ड्रिल, ग्राइंडर एवढी सामग्री शेतकऱ्याने खुशाल घरी ठेवावी, पण लेथसारखे मोठे यंत्र एकट्याने घेण्याऐवजी शेतकरी गटाने घ्यावे आणि ते गावच्या कारागिराच्या हाती सोपवावे. त्याला त्याच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा आणि हौशी तरुणांनी संध्याकाळी त्याच्या हाताखाली शिकावे. यंत्र आठवड्यातून एक तास चालण्याऐवजी रोज चालेल, त्याची निगा राहील आणि पेरणीच्या दिवसांत साऱ्या गावाची सोय होईल. ज्यांना पद्धतशीर शिक्षण हवे असेल, त्यांच्यासाठी शहरात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि इंडो-जर्मन टूल रूम आहेत, तर शेती-अवजारांविषयीच्या प्रश्नांसाठी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या कृषि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो.

जुने यंत्र म्हणजे भंगार नव्हे आणि स्वस्त यंत्र म्हणजे लाभही नव्हे. गरज आधी ठरवावी, जाणत्याला बरोबर न्यावे, यंत्र चालवून पाहावे आणि सुरक्षिततेची तयारी करून मगच ते घरात आणावे. या क्रमाने गेल्यास थोडक्या खर्चात गावोगाव उपयुक्त कार्यशाळा उभ्या राहतील, आणि मोडक्या फणापायी कोणाचा वाफसा वाया जाणार नाही. आमचे शेतकरी बंधू आणि त्यांची तरुण मुले या दृष्टीने विचार करतील, अशी आशा आहे.